हिंदुरावचं मॅनिफोल्ड

हिंदुराव मिस्त्रीला बिरप्पाचा हेवा वाटतो, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याने हातातला पाना फेकून मारला असता. पण खरं ते खरं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या शरच्चंद्र मालकांच्या गॅरेजात बावीस वर्षं घासलेला हा माणूस सकाळी कामावर आला, की आधी बिरप्पा आलाय का ते बघायचा. आलेला दिसला की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. आणि बिरप्पा तर रोज यायचा, तेही वेळेच्या आधी.

बरं, हे दुखणं त्याने आपल्याच हाताने आणून दारात बांधलेलं. दोन वर्षांमागे, दुष्काळाच्या साली, अक्कलकोटकडचा हा तिशीचा गडी खडी फोडायच्या यंत्रावरचं काम सुटलं म्हणून गॅरेजच्या फाटकात येऊन उभा राहिला. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. मालक नको म्हणत होते. हिंदुरावच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो मालक, मनगट चांगलं हाय त्याचं." त्याला लोखंड घासायची कानस धरायला हिंदुरावने शिकवलं. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना उचलायची, घाई करायची नाही, हे सगळं त्याच्या मनगटाला धरून शिकवलं. तेव्हा हिंदुरावला त्याचं कौतुक होतं. शिकवलेलं शिकतोय तोवर माणूस सगळ्यांनाच आवडतो. आपल्या पुढे जायला लागला की त्याची चाल तिरपी दिसायला लागते.

चाल तिरपी दिसायला लागली तो सहा महिन्यांमागचा दिवसही हिंदुरावच्या पक्का लक्षात होता. कोंडीबा ड्रायव्हर, ज्याच्या ट्रकला पंधरा वर्षांत हिंदुरावशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, तो गाडी आत घालून खाली उतरला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "मिस्त्री, बिरप्पा कुटं हाय?" एवढंच. पण हिंदुरावला कुणीतरी चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडलाच नाही.

घरी तरी सुटका असावी, तर तीही नाही. बिरप्पा एकदाच त्याच्या खोलीवर जेवायला आला होता. आपलं ताट आपण घासून ठेवून गेला. तेव्हापासून हिंदुरावची बायको गोजरबाई कशावरूनही त्याचं नाव काढायची.

"लई गुनाचा मानूस हाय हो."

"भाकरी वाढ," हिंदुराव म्हणायचा. "गुन नगं वाढू."

असं सगळं असताना मार्गशीर्षात श्रीपूरच्या साखर कारखान्याचा ट्रक गॅरेजात आला. त्यावर दोन इंजिनं होती आणि पुढे बसून कारखान्याचे इंजिनीअर एकनाथ निंबर्गीकर आले होते. नदीवरच्या पंपांची सहा इंजिनं, सगळी विलायती, एका बनावटीची, सहा सिलिंडरांची. बाहेरून सुटे भाग यायचे बंद झालेले. त्यामुळे मॅनिफोल्ड इथेच ओतून घ्यावे लागत होते. मॅनिफोल्ड म्हणजे सहाही सिलिंडरांचा जळका धूर गोळा करून नळीत सोडणारा ओतीव लोखंडाचा हातभर लांब भाग. तो इंजिनाच्या हेडला बारा नटांनी आवळतात. तो चोख बसला नाही तर सांध्यातून फट्‌फट् फुंकतो, इंजिनाचा दम जातो, आणि पंपघरातल्या माणसाचे डोळे फुटायची पाळी येते.

"पंधरा दिवस झाले की फुंकायला लागतो, नाहीतर तडकतो," साहेब म्हणाले. "आता ऐन गळिताचा हंगाम. कारखान्याला पाणी पाहिजे. हे दोन कच्चे ओतीव आणलेत. भोकंसुद्धा पाडलेली नाहीत. तुम्ही बसवा."

मग खिशातून डायरी काढून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. कारखान्याच्या वर्कशॉपला हेड फिटर पाहिजे होता. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. "दोघांना एकेक इंजिन द्या," ते मालकांना म्हणाले. "ज्याचं टिकेल त्याचं नाव मी घेऊन जातो. जागा एकच आहे."

मालकांनी पहिलं इंजिन हिंदुरावला दिलं. दुसरं कुणाला, याचा त्यांना विचार करावा लागला नाही, आणि ते विचार करत नाहीत हेही हिंदुरावने बघितलं.

त्या संध्याकाळी त्याने गोजरबाईला क्वार्टरचं सांगितलं. पेठेतल्या त्यांच्या चाळीत अठरा बिऱ्हाडांना एक नळ होता. पहाटे चारला घागरींची रांग लागायची आणि सहाला भांडणं. गोजरबाईने फक्त एक विचारलं.

"तितं नळ घरात असतोय?"

"घरात. मोरीत. येकट्याचा."

 ती चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता मधेच थांबली आणि हसली. इतक्या वर्षांत हिंदुरावने तिला असं आपल्या आपण हसताना बघितलं नव्हतं. त्याने मनात ठरवून टाकलं, की ती जागा आपलीच.

काम असं होतं. आधी पत्र्याचा एक साचा कापायचा. हेडवर जिथे जिथे नट चढवायच्या आट्यांच्या कांड्या, म्हणजे स्टड, उभे आहेत तिथे तिथे त्या पत्र्याला भोकं पाडायची आणि त्या साच्यावरून मॅनिफोल्डला भोकं मारायची. दोन्ही इंजिनांना एकच साचा चालला. मग खरी मेहनत. मॅनिफोल्डची जी बाजू हेडला भिडते ती कानशीने इतकी सपाट करायची की तिच्यात आणि हेडमध्ये केसाचीही फट राहता कामा नये. सपाट लोखंडी पाटावर निळा रंग फासायचा, त्यावर मॅनिफोल्ड ठेवून हलवायचा, उलटा करायचा. जिथे निळं लागलं तो उंचवटा. तो घासायचा, पुन्हा ठेवायचा. असं शंभर वेळा. शेवटची परीक्षा पतंगाच्या कागदाची. कागदाची चिंधी मधे धरून मॅनिफोल्ड पाटावर दाबायचा आणि कागद ओढायचा. फाटला तर काम चोख. सरकून हातात आला तर अजून घासा.

हिंदुरावने तीन दिवस घासलं. त्याची भोकं अशी पडली होती, की मॅनिफोल्ड स्टडवर लाकडी हातोड्याची हलकी थाप देऊन बसवावा लागायचा. कुठे म्हणून हलणं नाही. असं काम सोलापुरात दुसरा कोण करतो, असं त्याचं त्यालाच वाटलं. पण कागद मात्र सहा सिलिंडरांच्या सहा तोंडांपैकी चौथ्या तोंडाशी सरकत होता. चौथं घासलं की तिसरं हलकं पडायचं, तिसरं सावरलं की पुन्हा चौथं. खरी अडचण वेगळीच होती, आणि ती त्याने गोजरबाईलाही सांगितलेली नव्हती. पंचेचाळिशी उलटल्यापासून त्याला जवळचं धुरकट दिसत होतं. निळ्याचा बारीक ठिपका आता त्याला दिसायचा नाही. डोळ्यांना चष्मा लावायचा म्हणजे बिरप्पाच्या देखत लावायचा, आणि ते त्याला जमणार नव्हतं.

चार हातांवर बिरप्पा आपलं घासत होता. बोलत नव्हता, विडी ओढत नव्हता, वर बघत नव्हता. त्याची कानस एका लयीत चालायची आणि तो आवाज हिंदुरावच्या कानात दिवसभर सलायचा. मधेच थांबला की हिंदुरावला वाटायचं, चुकला. पुन्हा सुरू झाली की वाटायचं, सुधारलं. स्वतःच्या कामात त्याचं निम्मंच मन असायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला साहेब इंजिनं चालू करून बघायला येणार होते. दुपारी गिरणीचा भोंगा झाला. मालक जेवायला घरी गेले. बिरप्पा नटांखाली घालायचे वायसर आणायला बाजारात गेला. गॅरेजात हिंदुराव एकटा राहिला. दोन्ही मॅनिफोल्ड बाकावर शेजारी शेजारी ठेवलेले. एकावर खडूने एक, दुसऱ्यावर दोन.

त्याने फक्त बघायचं म्हणून बिरप्पाचा मॅनिफोल्ड पाटावर ठेवला. कागद पहिल्या तोंडाशी धरला. फाटला. दुसऱ्याशी फाटला. चौथ्याशी तर अशी चिंधी झाली की निम्मा कागद आतच राहिला. सहाही तोंडं चोख.  ही आपण शिकवलेली कानस, आपण धरलेलं मनगट, आणि हे काम आपल्याला होत नाही. त्याला रडू यावं तसा राग आला.

मग त्याने भोकं बघितली, आणि त्याला हसूच आलं. मधली भोकं बरी होती. पण दोन्ही टोकांची दोन-दोन भोकं गोल कानशीने लांबट केलेली. स्टड आत घातला तर तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी जागा राहत होती. "आरारा," हिंदुराव स्वतःशीच म्हणाला, "ह्ये काय बिगारी काम. भोक चुकलं आन्‌ कानशीनं वढून घेतलंय." एवढा चोख तळ करणारा माणूस भोकाला असा ढिला पडावा, याचं त्याला बरं वाटलं. हे तर जाड वायसरखाली झाकून जाईल. तळ मात्र झाकता येत नाही.

त्याने ते केव्हा ठरवलं, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. हाताला खडू लागला तेव्हा काम झालेलंच होतं. एकाचा दोन केला, दोनाचा एक केला, आणि जागा बदलल्या.  बिरप्पाला कळेल का? कळलं तरी कुणाला सांगणार? बावीस वर्षांच्या मिस्त्रीपुढे दोन वर्षांच्या गड्याचं कोण ऐकणार? हा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि आला याची त्याला लाज वाटली नाही. लाज पुढे वाटायची होती.

बिरप्पा परत आला. दोन नंबरचा मॅनिफोल्ड त्याने उचलला. हिंदुराव पाठमोरा उभा राहून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. बिरप्पाचा अंगठा टोकाच्या भोकावरून एकदा फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला.  मग त्याने मॅनिफोल्ड खाली ठेवला, सांध्यात घालायचं पॅकिंग घेतलं, आणि खाली बघूनच कामाला लागला. स्टडवर बसवताना त्याला लाकडी हातोडा लागला.

"बसतोय का?" हिंदुरावने विचारलं. 

"बसतोय, मिस्त्री," बिरप्पा म्हणाला.

पाचला साहेबांसमोर दोघांनी नट आवळले आणि दोन्ही इंजिनं चालू झाली. दोन्ही फट्‌फट् न करता चालली. एक नंबरच्या सांध्याजवळ साहेबांनी हात धरला, दोन नंबरच्या धरला, कुठे वारा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक श्रीपूरला गेला.

पुढचे दिवस हिंदुरावने कसे काढले ते त्यालाच माहीत. दिवसातून दहादा त्याला वाटायचं, दोन्ही टिकतील आणि मग साहेब पुन्हा दोघांना समोर उभं करतील. मग वाटायचं, तळ चोख आहे, एक नंबर टिकेलच. बिरप्पा त्याच्याशी पहिल्यासारखाच बोलत होता. चहा आला की आधी त्याचा कप पुढे करायचा. तो कप घेताना हिंदुरावला वाटायचं, हा मुद्दाम करतो. आणि मग त्या मुद्दाम करण्याचाही राग यायचा. कोंडीबा आला आणि त्याने पुन्हा बिरप्पालाच हाक मारली, तेव्हा हिंदुराव मनातल्या मनात म्हणाला, मार, मार हाका. महिन्याभराने मी कुठं असंन ते बघ.

गोजरबाईने इकडे भांड्यांची गाठोडी बांधायला काढली होती. "आत्ताच कशाला?" त्याने विचारलं. "आसू द्या की," ती म्हणाली, "मला आपलं बांधून बगायचं हाय."

तेविसाव्या दिवशी साहेबांची जीप आली. त्यांनी पिशवीतून लोखंडाचा एक तुकडा काढून मालकांच्या टेबलावर ठेवला. मॅनिफोल्डचा टोकाचा कान होता, भोकातूनच तुटलेला, तुटल्या जागी करडी चकाकी.

"दोन नंबर," साहेब म्हणाले. "बाराव्या दिवशी गेला. आणि एक नंबरला काही म्हणजे काही झालेलं नाही. रात्रंदिवस चालतोय. हिंदुराव, जिंकलात."

हिंदुरावने बिरप्पाकडे बघितलं. बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. बिरप्पा हात पुसत उभा होता. हिंदुरावच्या छातीत एकदम मोकळं मोकळं झालं. सहा महिन्यांचं पोटातलं दुखणं कुठल्या कुठे गेलं. त्याला गोजरबाई दिसली, मोरीतला नळ दिसला, कोंडीबाचं तोंड दिसलं.

साहेबांनी डायरी उघडली. "पण आधी एक सांगा. बाकीच्या चार इंजिनांचीही हीच रड आहे. दोन्ही ओतीव एकाच भट्टीतले, साचा एक, नट दोघांनी मधून सुरू करून टोकाकडे आवळलेले. ते मी बघितलंय. मग तुम्ही वेगळं काय केलंत?"

"साहेब, त्ये हाताचं काम," हिंदुराव म्हणाला. "बावीस वर्सं घातली की मी."

"हात मला कागदावर लिहून घेता येत नाही. काय केलं ते सांगा."

"तळ चोक केला. पतंगाचा कागद फाटंस्तवर घासला."

"दुसऱ्याचा तळ काही वाईट नव्हता. फुंकला नाही तो, तुटला. टोकाला तुटला. का तुटला, आणि तुमचा का नाही?"

 हिंदुरावने पॅकिंगचं सांगून बघितलं. मग नटांचं पुन्हा सांगितलं. साहेब पेन धरून थांबले होते आणि कागदावर काही उमटत नव्हतं. मालक म्हणाले, "अहो सांगा की हिंदुराव, आता काय गुपित ठेवायचं?" हिंदुरावला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याने ज्याची चोरी केली होती, ते काय होतं हेच त्याला माहीत नव्हतं.

तेव्हा बिरप्पा बोलला. खाली बघून, हळू.

"साहेब, मिस्त्रींनी टोकाची भोकं लांब ठेवली हायती. वायसरखाली हायत, म्हनून दिसत न्हाईत. लोखंड तापलं की वाढतंय की. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना बगितलाव न्हवं? तापली की केवढी मोटी हुतीया. ह्यो येवढा लांब तुकडा तापला की दोनी टोकांकडं सरकनार. मधल्या नटांनी धरून ठेवायचा, टोकांना सरकायला जागा ठेवायची. जागा न्हाय ठेवली तर कान तुटतोय. मिस्त्रींनी जागा ठेवली."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "वा! एवढी साधी गोष्ट! हिंदुराव, आणि तुम्ही तोंडातून काढत नव्हता? धूर्त आहात!" सगळे हसले. मालकही हसले. साहेबांनी डायरीच्या वरच्या ओळीत लिहिलं, हिंदुराव, आणि पुढे आडनाव विचारलं.

हिंदुरावने लहानपणी गावात शंभर वेळा धाव चढवताना बघितली होती. लालबुंद लोखंडी पट्टी चाकावर घालायची, पाणी ओतायचं, ती आवळत जायची. शंभर वेळा बघून त्याला ते सुचलं नाही, आणि याला सुचलं. एवढंच असतं तरी त्याने गिळलं असतं. पण याने आता सगळ्यांदेखत ते आपल्या पदरात टाकलं होतं. चोरी पकडली, आणि वर चोरीचा माल दान दिला. हिंदुरावच्या अंगाचा तीळपापड झाला. उद्या आपण क्वार्टरमध्ये राहू, बायको घरच्या नळाचं पाणी भरेल, गावभर नाव होईल, आणि इथे सात रस्त्याला हा बसून चहा पिता पिता मनात म्हणेल, दिलं मी. जन्मभर म्हणेल. नोकरी हातातून गेलेली चालेल, चोर म्हणवून घेतलेलं चालेल, पण या माणसाला आपल्यापेक्षा मोठं होऊ द्यायचं नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता त्यात. उघड उघड हेवाच होता, आणि त्या हेव्यानेच त्याचं तोंड उघडलं.

"साहेब, नाव खोडा."

"काय?"

"येक नंबर ह्याचा हाय. बिरप्पाचा. मी बदलला. खडूचे आकडे पुसून बदलला. ह्यो बाजारात गेलता तवा." त्याने टेबलावरच्या तुटक्या कानाकडे बोट केलं. "ह्यो माजा."

 मालकांनी पानाची पिंक टाकायला म्हणून तोंड फिरवलं आणि तिकडेच बघत राहिले.  साहेबांनी बिरप्पाला विचारलं, "खरं आहे?"

बिरप्पा पुन्हा हात पुसायला लागला. हिंदुरावला वाटलं, आता हा नाही म्हणतो की काय. तो मनात म्हणाला, म्हण, नाही म्हण, मग बघतो तुला.

"व्हय साहेब," बिरप्पा म्हणाला.

साहेबांनी डायरीतल्या नावावर आडवी रेघ मारली. "येशील का श्रीपूरला?"

हिंदुरावची अशी एक वेडी समजूत होती, की बिरप्पा आढेवेढे घेईल, मिस्त्रींना न्या म्हणेल, निदान त्याच्याकडे एकदा बघेल तरी. बिरप्पाने बघितलं नाही.

"येतो साहेब," तो म्हणाला. "बायकापोरांना गावाकडनं आनतो आन्‌ येतो."

जीप गेली. मालक आत गेले. हिंदुरावने पाने गोळा करायला घेतले. एकेक पुसत होता आणि त्याच पेटीत पुन्हा पुन्हा ठेवत होता. त्याला गोजरबाईची गाठोडी आठवली. घरी जाऊन ती सोडायला सांगायची होती, आणि का, तेही सांगायचं होतं. त्याला वाटलं होतं, खरं बोलून टाकलं की आतलं जळणं थांबेल. थांबलं तर नाहीच, उलट 'येतो' म्हणताना बिरप्पाचा आवाज किती सरळ होता, तेच कानात घुमत राहिलं.

बिरप्पा आपली कानस कापडात गुंडाळत होता. हिंदुराव त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याला भांडायचं होतं. कशावरून, ते ठरलेलं नव्हतं.

"तुला हात लावल्या लावल्या कळलं हुतं. मी बगितलं तुजा अंगठा."

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हटलं."

"आन्‌ म्या बोललो न्हाय तर? बरं, त्ये जाऊ दे." हिंदुरावचा आवाज चढला. "भोकं स्टडच्या अंगासरशी हायती, त्यो तुकडा तुटनार, ह्ये तुला ठावं हुतं. गोल कानस हातात हुती. टोकाची चार भोकं वढून घ्यायला आर्धा तास लागला नसता. तुजंबी टिकलं असतं, नोकरीत माज्या बरोबरीनं ऱ्हायला असतास. का नाय घासलंस? माज्यावर उपकार करायचं हुतं?"

बिरप्पाने गुंडाळलेली कानस बाकावर ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला राग आलेला दिसला.

"तुमच्या हातचं काम हुतं त्ये, मिस्त्री," तो म्हणाला. "ज्यानं मला कानस धरायला शिकवलं, त्याच्या कामाला मी कानस लावू?"

एवढं बोलून तो फाटकाबाहेर गेला. हिंदुराव तिथेच उभा राहिला. शिव्या ऐकायची त्याची पूर्ण तयारी होती. हे ऐकायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर, आपल्या तोंडून जन्मात एकदा तरी असं काही निघालं असतं तर, असं वाटून त्याला त्या घटकेलाही बिरप्पाचा हेवाच वाटला.